शिफ्ट सुटली
विहीणबाईंनी त्रिशूरहून पाठवलेल्या बरणीवर काय लिहिलंय ते वाचता येईना, म्हणून मी साठाव्या वर्षी मल्याळम लिपी शिकायला घेतली. बरणीत काळे, सुरकुतलेले, चामड्यासारखे तुकडे होते. "आमसुलंच आहेत, अंमळ थोराड," असं म्हणून हिनं विषय संपवला. म्हणजे हिनं बरणी उघडून वाचली. मी चिठ्ठीकडेच बघत राहिलो. कुणीतरी कडबोळी वळून एकमेकांना चिकटेपर्यंत तशीच ठेवल्यासारखं दिसत होतं.

"बाबा, ते कुडंपुळि," सूनबाई म्हणाली. "माशाच्या कालवणात घालतात. अम्मम्मानं लिहिलंय." अम्मम्मा म्हणजे आईची आई.

केरळात विजयादशमीला लहान मुलांचं बोट धरून तांदळात 'हरि श्री गणपतये नमः' गिरवून घेतात. म्हणजे आपल्यासारखा तिथेही श्रीगणेशाच. सूनबाईनं ताटात तांदूळ पसरले. सासऱ्याचं बोट कसं धरणार, म्हणून ते माझं मीच धरलं. "कोलम आहे, निवडलेला आहे, सांडू नका," एवढाच मंत्र स्वयंपाकघरातून आला.

पहिला आठवडा गोल ओळखण्यात गेला. मल्याळम 'ठ' म्हणजे नुसता गोल. ब्राह्मीतही तो असाच होता, पुढे आपल्याकडे येऊन त्याला मान फुटली आणि डोक्यावर रेघ आली. मल्याळममध्ये अनुस्वारही गोलच, फक्त लहान, आणि तो अक्षराच्या डोक्यावर न बसता शेजारी बसतो. विसर्ग म्हणजे दोन लहान गोल. माझी वही बघून नातू म्हणाला, "आजोबा, सगळ्यात शून्य?" शब्दाच्या शेवटी न, ल, र असं अक्षर स्वराशिवाय दाखवायचं झालं की आपण त्याचा पाय मोडतो. ते लोक दयाळू. ते अक्षराला शेपटी काढून ती वर वळवतात आणि त्याला चिल्लु म्हणतात.

महिनाभरानं मी वर्तमानपत्राचे मथळे वाचायला लागलो आणि ऐटीत बरणीपुढे उभा राहिलो. तरी चिठ्ठी वाचता येईना! मग कळलं की माझं पुस्तक नव्या लिपीतलं आणि अम्मम्माचा हात जुन्या लिपीतला. जुन्या लिपीत 'कु' आणि 'पु'मधला उकार अक्षराच्या अंगात मुरलेला असतो, आणि सगळ्या अक्षरांत सारखा मुरत नाही. अशी शेकडो जोडरूपं टंकलेखन यंत्रात मावेनात, म्हणून 1971 साली केरळ सरकारनं उकार सुटा करून शेजारी बसवला. यंत्र अक्षराला शरण जाण्याऐवजी अक्षर यंत्राला शरण गेलं. अम्मम्मा मात्र कुणालाच शरण गेलेल्या दिसत नाहीत.

टाइप करणं त्यामानानं सोपं जाईल असं मला वाटलं, आणि ते खरंही निघालं. ऑफिसात पंचवीस वर्षं मी इनस्क्रिप्ट कळफलकावर मराठी बडवलंय. इनस्क्रिप्टची मांडणी सगळ्या भारतीय लिपींना जवळपास एकच आहे. आपला क जिथे, तिथेच त्यांचा क. ओकार मात्र गमतीचा. आधी अक्षर टाइप करायचं, मग ओकार दाबायचा, की लग्नातल्या करवल्यांसारख्या अक्षराच्या दोन्ही बाजूंना दोन खुणा येऊन उभ्या राहतात. आणि ऑफिसात चुकून दाबला गेला की ज्याला मी शिव्या घालत असे तो टिंबवाला ऴ! तो मूळचा तिकडच्यांसाठीच ठेवलेला निघाला. जीभ मागे वळवून, र आणि ळ यांच्या मधे कुठेतरी म्हणायचा. इंग्रजीत तो झेड-एच असा लिहितात, म्हणून आपण त्याच्या जागी झ नेऊन ठेवतो.

शेवटी ओणमच्या सुमारास मी संगणकावरून विहीणबाईंना पहिला मल्याळम निरोप पाठवला : 'कुडंपुळि किट्टि. वळरे नंदि.' कुडंपुळि मिळाली, फार आभार. ल, ळ यांचा घोळ होणं शक्यच नव्हतं. मराठी माणसाला ळ काय शिकवायचा!

जिभेला शिकवायला नको, करंगळीला हवा होता. ल आणि ळ एकाच कळीवर आहेत, ळ शिफ्टनं येतो. 'वळरे'ला शिफ्ट लागली, 'पुळि'ला सुटली. पुळि म्हणजे चिंच, आंबट. पुलि म्हणजे बिबट्या, ढोबळमानानं वाघच. कुडम म्हणजे घडा. 'घडावाघ मिळाला, फार आभार' असं मी त्रिशूरला कळवलं होतं.

आणि त्रिशूर म्हणजे पुलिकळीचं गाव. ओणमला तिथे माणसं अंगभर पट्टे रंगवून वाघ होऊन नाचतात. ज्याची ढेरी मोठी त्याला मान मोठा, कारण वाघाचं तोंड ढेरीवर रंगवतात. दहा मिनिटांत विहीणबाईंकडून फोटो आला. घड्याएवढी ढेरी, तिच्यावर जबडा वासलेला वाघ. खाली दोनच शब्द : 'इनियुं वेणो?' आणखी हवेत का? कुणाची मदत न घेता मी सलग वाचलेलं ते पहिलं मल्याळम वाक्य.

मराठी कळफलकावरही ऴ आहे, बीच्या कळीवर, शिफ्ट धरून. कोझिकोड लिहिणाऱ्यांनी एकदा दाबून बघावा. फक्त शिफ्ट घट्ट धरा, सुटली तर कोविकोड होतं.