नेम नथीवर, फोकस पापणीवर

आधी एक जुनी रशियन ज्युपिटर-३ लेन्स मिळवा. ५० मिमी, एफ/१.५. विकणारा ‘काच एकदम क्लीन’ म्हणेल, असेलही. ती जुन्या लायकावर चढवा. आटे दोन्हीकडे ३९ मिमीचे, त्यामुळे मुकाट बसते. इथेच आनंद मानून घ्या.

आता घरच्या नथवाल्या बाईंना एक मीटरवर बसवा. छिद्र पूर्ण उघडं. रेंजफाइंडरच्या खिडकीत नथीच्या दोन प्रतिमा एकमेकींवर बसेपर्यंत रिंग फिरवा आणि बटण दाबा. रोल धुऊन आल्यावर पापणीचा केस न् केस मोजता येईल. लॉकरमधून मुद्दाम काढलेली नथ मात्र धुक्यात. पुढचं संभाषण या मार्गदर्शिकेच्या कक्षेबाहेर आहे.

दोष कुणाचा? कुणाचाच नाही, हीच पंचाईत. रेंजफाइंडर लेन्समधून पाहतच नाही. लेन्सची मागची कड एक दांडी ढकलते, दांडी खिडकीतली प्रतिमा सरकवते. सगळा सांगोवांगी कारभार. त्यात लायकावाले ५० म्हणतात तेव्हा मनात ५१.६ असतात. ज्युपिटर उतरली झाइसच्या सोनारवरून, आणि झाइसच्या कॉन्टॅक्सचे ५० म्हणजे ५२.४. दूरच्या डोंगरावर दोघांचं एकमत होतं. मीटरभरावर फोकस जवळपास तीन सेंटिमीटर मागे पडतो. तिथे स्पष्टतेची पट्टी सगळी मिळून साडेतीन सेंटिमीटरची, म्हणजे नेमापुढे-मागे जेमतेम पावणेदोन. नथ गेलीच.

हौस असेल तर काचांच्या गाभ्याखाली कागदाएवढी पातळ चकती घाला. जवळचं जमेल, डोंगर बिघडेल. मग डोंगरासाठी छिद्र एफ/८ करा. छिद्र लहान केलं की सोनार घराण्याचा फोकस आपणहून आणखी मागे सरकतो. एरवी ही खोड जीव खाते, इथे उपयोगी पडते. (आधीच्या मालकानेही चकती घातली असेल, तर तुमच्या अंदाजाला नमस्कार. कॅमेऱ्याचं मागचं झाकण निघत असेल तर फिल्मच्या जागी घासलेली काच धरून, शटर बीवर उघडं ठेवून, भिंगातून खात्री करा.)

हौस नसेल तर पेचकस ठेवून द्या. प्रतिमा जुळल्या की रिंगला हात न लावता दीड बोट मागे झुका आणि बटण दाबा. नथ परत लॉकरमध्ये जाण्याआधी.