ताई प्रशिक्षणाला गेल्या आहेत

गेल्या पंधरवड्यात आमच्या गावच्या वाचनालयावर एक पाटी लागता लागता राहिली. ‘ग्रंथपाल कार्यशाळेस गेल्याने वाचनालय बंद राहील.’ ताईंनी कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर ती लिहूनही ठेवली होती. मी म्हटलं, “बंद कशाला? मी बसतो की. नुसतं बसायचंच तर आहे.”

वर्गणी थकवणाऱ्या सभासदाकडे बघतात तसं ताईंनी माझ्याकडे बघितलं आणि किल्ल्या दिल्या.

आमचं वाचनालय ‘ड’ वर्गातलं. शाळेत ‘ड’ तुकडी म्हटलं की जे समजायचं ते सरकारदरबारीही समजतात. १९६७चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे, त्याखाली अ, ब, क, ड अशी उतरंड आहे, आणि उतरंडीत तळाचं मडकं सगळ्यांचा भार उचलतं. या मडक्याला वर्षाला ३०,००० रुपये अनुदान मिळायचं. २०२२मध्ये ते ६० टक्क्यांनी वाढून ४८,००० झालं. ६० टक्के वाढ म्हटल्यावर गावात पेढे वाटायचे बाकी होते. भागाकार कोणी केला नाही म्हणून बरं. महिन्याचे ४,०००. त्यातले आमच्याकडे निम्मे पगाराला, निम्म्यात पुस्तकं, वर्तमानपत्रं, विजेचं बिल, बाइंडिंग आणि केरसुणी. म्हणजे ताईंच्या हातात महिन्याला २,००० रुपये. तेही हप्त्याने, अनुदान येईल तेव्हा.

कार्यशाळेची नोंदणी फी ५०० रुपये, ‘भोजन व किटसह’. आठवड्याचा पगार भरून त्या शिकायला निघाल्या होत्या. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, तेवढीच काय ती प्रशिक्षणवृत्ती.

पत्रिका मी बारकाईने वाचली. विषय होता, ‘कृत्रिम बुद्धिमत्तेच्या युगातील ग्रंथालये : आव्हाने आणि संधी’. ही ‘आव्हाने आणि संधी’ जोडी मला फार आवडते. संगणक आला तेव्हा ती होती, इंटरनेट आलं तेव्हा होती, मोबाइल आला तेव्हाही होती. युग तेवढं बदलायचं, खालचा मांडव तोच. पत्रिकेवर उद्घाटक, अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, विशेष उपस्थिती, प्रमुख उपस्थिती आणि सन्माननीय उपस्थिती अशी मिळून १४ नावं होती. विशेष, प्रमुख आणि सन्माननीय यांतला फरक ज्याला कळला त्याला वर्गीकरणशास्त्र आलं असं समजायला हरकत नाही. शिकवणार काय, ते सगळ्यात खाली, दोन ओळींत. त्यातली दुसरी ओळ भोजनाची.

महाविद्यालयांतल्या ग्रंथपालांचं निराळं आहे. त्यांना पगार आहे, त्यामुळे पदोन्नती आहे, त्यामुळे गुण आहेत. यूजीसीच्या २०१०च्या नियमावलीत हिशेबच मांडून दिला होता: आंतरराष्ट्रीय परिषदेत निबंध वाचला तर १० गुण, राष्ट्रीय असेल तर साडेसात, राज्यस्तरीयला ५, स्थानिकला ३. साडेसात! नियमावली लिहिणाऱ्याच्या पत्रिकेत शनी कुठे बसला होता कोण जाणे. पण ती साडेसाती लागली आणि गावोगावच्या कॉलेजांत राष्ट्रीय परिषदा उगवल्या. राष्ट्रीय म्हणजे काय, तर शेजारच्या राज्यातला एक पाहुणा. तो सीमेजवळचा असला तर प्रवासखर्चही कमी. आंतरराष्ट्रीय म्हणजे पडद्यावर कोणीतरी परदेशातून बोलणार आणि इथे सगळे “आवाज येतोय का?” विचारणार. मी अशा एका परिषदेत श्रोता म्हणून बसलो आहे. एका खोलीत १९ निबंध होते, प्रत्येकाला ७ मिनिटं. सात मिनिटांत साडेसात गुण! क्रिकेटमध्ये हा रनरेट मिळाला तर खांद्यावर बसवून मिरवणूक काढतील. पहिली दोन मिनिटं व्यासपीठावरच्यांची नावं घेण्यात जायची, शेवटची दोन “वेळेअभावी” या शब्दात. मधल्या तिनात ज्ञान.

त्यात सत्काराचं नवं फॅड: पुष्पगुच्छ नको, पुस्तक द्या. विचार उत्तम. पण परवाच्या सोहळ्यात सगळ्या पाहुण्यांना दिलेलं पुस्तक एकच होतं आणि त्याचे लेखक अध्यक्षस्थानी होते. फुलं निदान दुसऱ्या दिवशी कोमेजतात.

व्यासपीठावर सरस्वतीच्या शेजारी रंगनाथनांचा फोटो असतो. १२ ऑगस्ट हा त्यांचा जन्मदिवस आपण ग्रंथपाल दिन म्हणून पाळतो, त्यामुळे हार ताजा असण्याची शक्यता त्या आठवड्यात अधिक. या रंगनाथनांची गोष्ट मात्र कोणी भाषणात सांगत नाही. ते गणिताचे शिक्षक. १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि थोड्याच दिवसांत कंटाळले. काम नाही, माणूस फिरकत नाही, नुसतं बसायचं. मला परत शिकवायला पाठवा म्हणून त्यांनी मागणं लावलं. वरिष्ठांनी त्यांची समजूत घातली, आधी लंडनला जाऊन शिकून या, मग बोलू. गेले. तिथे वर्गात जे शिकले ते शिकले, पण एका मोठ्या दुकानात त्यांनी मेकॅनोचा खेळ बघितला. त्याच पट्ट्या, तेच स्क्रू, आणि दर वेळी निराळं यंत्र. पुस्तकांचे विषयही असेच जोडता येतील हे तिथे सुचलं आणि त्यातून १९३३मध्ये कोलन वर्गीकरण आलं. आज कोणी ग्रंथपाल प्रशिक्षणाला जाऊन खेळण्यांच्या दुकानात रमला तर हजेरीपत्रकावर लाल शेरा आणि किट परत.

त्यांचे ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम १९३१चे. चौथा म्हणतो, वाचकाचा वेळ वाचवा. तो मोठ्या अक्षरांत मागच्या पडद्यावर छापलेला असतो आणि त्याच्यासमोर दोनशे माणसं उद्घाटकांच्या गाडीची वाट बघत दीड तास बसलेली असतात.

तर मी बसलो. “नुसतं बसायचं” म्हणणारे रंगनाथन आणि मी, एवढंच आमचं साम्य. ते त्यातून बाहेर आले.

पावणेपाचला कुलूप उघडलं. पाच वाजता पेपरवाले आजोबा. त्यांना पेपर घडी न मोडलेला लागतो, हे ताईंनी बजावलं होतं. मी मोडला होता. अर्धा तास ते पेपर हातात घेऊन माझ्याकडेच बघत होते. मग एक मुलगा आला, आठवी-नववीतला. “आजीला पुस्तक द्या.”

“कुठलं?”

“मागच्याच्या पुढचं.”

मी देवघेवीचं रजिस्टर काढलं. आजींच्या नावापुढे मागच्या पुस्तकाचा दाखल क्रमांक होता. दाखल नोंदवही काढली, क्रमांक शोधला, ती कादंबरी निघाली. त्याच लेखकाचं पुढचं शोधायला कपाटाकडे गेलो तर कपाटात पुस्तकं कुठल्या क्रमाने लावलीत ते कळेना. लेखकानुसार नाहीत, विषयानुसार नाहीत, क्रमांकानुसारही नाहीत. नंतर कळलं, वरच्या फळीवर ज्यांना चष्मा आहे त्यांची, मोठ्या टायपाची. खाली बसून बघता येईल अशी मुलांची. आणि वाळवी लागलेल्या कोपऱ्यात कोणी कधीच न मागणारी मान्यवरांची सप्रेम भेट. ही वर्गीकरणपद्धती कुठल्या विद्यापीठात नाही. तिची सूचीही कागदावर नाही. ती ताईंच्या डोक्यात आहे आणि ते डोकं त्या दिवशी जिल्ह्याच्या गावी ‘बिग डेटा’ ऐकत होतं. मी मुलाला चार गोष्टी विचारल्या, अंदाजाने एक पुस्तक दिलं, नोंद केली.

सहानंतर परीक्षेची पोरं आली. तलाठी, पोलीस, एमपीएससी. त्यांतला एक म्हणाला, “मधला भाग द्या.” मला वाटलं त्रिखंडी काहीतरी असेल. ते राज्यव्यवस्थेवरचं एकच जाडजूड पुस्तक होतं. प्रत एक, वाचणारे तीन. ताईंनी ते पाठीतून उसवलं होतं, त्याचे तीन भाग केले होते, आणि प्रत्येक भाग दाभणाने शिवून वर जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा घातला होता. पहिल्यावर जानेवारी, दुसऱ्यावर मे, तिसऱ्यावर ऑक्टोबर. पोरं नावाने मागतच नाहीत. “मे कोणाकडे आहे? जानेवारी झाला का?” दर शनिवारी बदलाबदली. मी तो मे हातात घेऊन बघितला. टाके एकसारखे, अगदी गोधडीचे असावेत तसे, आणि पान मिटताना शिवणीत अडकू नये म्हणून आतल्या बाजूला बोटभर जागा सोडलेली.

प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक, हा दुसरा नियम. एका पुस्तकाला एका वेळी तीन वाचक, हे रंगनाथनांनाही सुचलं नव्हतं. पण हा प्रयोग निबंध म्हणून वाचता येणार नाही. उलट, तपासणीत अंगाशी येईल: नोंदवहीत एक, कपाटात तीन, हे कसं? हानी केल्याबद्दल वसुलीसुद्धा निघू शकते.

आठला कुलूप लावलं तेव्हा पाठ धरली होती. नुसतं बसून.

१९११ साली बडोद्याला सयाजीराव महाराजांनी ग्रंथपालांसाठी वर्ग सुरू केला. त्यासाठी अमेरिकेहून बॉर्डन नावाचे गृहस्थ आणले होते. आपल्याकडच्या ग्रंथालय-प्रशिक्षणाची ती सुरुवात. पण महाराज नुसते वर्ग भरवून थांबले नाहीत. पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या गावोगाव पाठवायची व्यवस्था केली. तेव्हा पेटी गावात यायची. आता गावाने पीपीटीकडे जायचं.

आणि पीपीटीत काय? ‘कोहा’ शिका. फुकट आहे, उत्तम आहे, शिकावंच. पण हे सॉफ्टवेअर कोणा महासत्तेच्या प्रयोगशाळेत जन्मलं नाही. न्यूझीलंडमधल्या होरोफेनुआ या लहानशा भागातल्या ग्रंथालयांची जुनी यंत्रणा २०००चा आकडा लागताच बंद पडेल अशी भीती होती. नवी घ्यायला पैसे बेताचे. त्यांनी आपल्या गरजेपुरती एका छोट्या कंपनीकडून बनवून घेतली आणि जगाला वाटून टाकली. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. म्हणजे तिथे आधी गावच्या ग्रंथपालाला विचारलं, बाई, तुमची अडचण काय? आपल्याकडे हा प्रश्न प्रश्नोत्तरांच्या सत्रात येतो, आणि प्रश्नोत्तरं वेळेअभावी जातात.

म्हणून माझा एक ठराव आहे. अधिवेशनांत ठराव करायची आपल्याला सवय आहेच. व्यंकप्पा पत्की समितीने ग्रंथालय कर्मचाऱ्यांसाठी सुचवलेली वेतनश्रेणी द्या, हा ठराव तर इतकी वर्षं होतो आहे की आता तो सनईसारखा वाटतो; वाजला की कार्य सुरू झालं समजायचं. त्याच्या खाली माझा घ्या. ज्या दिवशी कार्यशाळा असेल त्या दिवशी जितके मान्यवर व्यासपीठावर, तितक्या ‘ड’ वर्गाच्या वाचनालयांत एकेकाने जाऊन बसावं. चौदा मान्यवर, चौदा गावं, संध्याकाळी पाच ते आठ. पेपर घडी न मोडता द्यावा. “मागच्याच्या पुढचं” काढून दाखवावं. आल्यावर साडेसात गुण द्या, माझी हरकत नाही. पाठ धरली तर दहा द्या. आणि मोकळ्या राहिलेल्या व्यासपीठावर ताईंना बसवा, दाभण आणि मे महिना हातात देऊन.

दुसऱ्या दिवशी ताई आल्या. खांद्याला किट. त्यात एक पॅड, एक न उठणारं पेन, प्रायोजकाचं कॅलेंडर आणि प्रमाणपत्र. प्रमाणपत्रावर नावाआधी ‘श्री.’ छापलेलं, आणि पुढे त्यांनी ‘सक्रिय सहभाग’ घेतल्याचा दाखला. मी विचारलं, “काय सक्रिय केलंत?”

“टाळ्या वाजवल्या. मान्यवर चौदा होते.”

“आणि वाळवीचं विचारणार होतात ना?”

“चिठ्ठी पाठवली होती वर. संयोजकांनी पाणी हवंय वाटून बाटली पाठवली.”

कॅलेंडर मात्र त्यांनी उलटून बघितलं, पुठ्ठा बोटांनी वाकवून पाहिला, आणि बाजूला ठेवून दिला. मग खुर्चीत बसून देवघेवीचं रजिस्टर ओढलं. माझ्या नोंदींवरून बोट फिरवत आल्या आणि एका ओळीवर थांबल्या.

“आजींना हे दिलंत?”

“का? त्याच लेखकाचं आहे.”

“श्रावणात वाचलंय त्यांनी. शेवट आवडला नव्हता.”

मी काही बोलणार तेवढ्यात दारात सायकल लागली. मुलगा कालचंच पुस्तक काखेत मारून उभा. आत डोकावला, मला बघून बिचकला, मग खुर्चीत कोण आहे ते बघून तिथूनच ओरडला, “आजी, आल्यात ताई!” आजी कोपऱ्यावरच्या पारावर टेकल्या होत्या. एवढी वर्षं त्या कधी स्वतः आल्या नव्हत्या.