आलोच!

नारायणगावात मी इंग्रजीची शिकवणी घेतो. वेळ संध्याकाळी सहाची. म्हणजे मुलं साडेसहाला येतात आणि मी पावणेसातला. परवा ‘मस्ट’, ‘मे’, ‘शुड’, ‘विल’ शिकवायला घेतले. (परवा म्हणजे होऊन गेलेला. आपला परवा दोन्ही बाजूंना असतो, म्हणून सांगून ठेवलेलं बरं.)

खरं तर मोजमाप आम्हाला नवं नाही. नाणेघाटातल्या लेण्यात दोन हजार वर्षांपूर्वी आकडे कोरलेत, तो हा जुन्नर तालुका. अडतं ते घड्याळापाशी. त्यातून आमचा ‘पर्यंत’ हा शब्द दोन घरचा पाहुणा. ‘पाचपर्यंत ये’ आणि ‘पाचपर्यंत थांब’ यांत आम्हाला तो एकच पुरतो. इंग्रजाला मात्र पहिल्याला ‘बाय’ लागतो, दुसऱ्याला ‘अंटिल’. हे मी पोटतिडकीनं शिकवतो, कारण पोळलोय. मावसबहिणीच्या इंग्रज जावयाला मी एकदा जेवणाचं आमंत्रण धाडलं होतं : यू मस्ट कम अंटिल फाइव्ह. गडी सकाळी अकराला हजर. ‘मस्ट’ वाचून घाबरला असावा. दिवसभर ओसरीवर बसून राहिला आणि पाचाच्या ठोक्याला हात जोडून उठला. तेव्हा कुठं आमच्या मंडळींनी मासवडीचं बेसन घेरायला घेतलं होतं.

तर मुलांना म्हटलं, काल रात्रीचं एक वाक्य लिहा. आमच्याकडं काल रात्रीचा विषय एकच. एकानं लिहिलं, ‘द लेपर्ड शुड हॅव कम लास्ट नाइट.’

“अरे, याचा अर्थ बिबट्यानं काल यायला हवं होतं! आपण काय चहा ठेवून वाट बघत होतो?”

“मग सर?”

“तुम्हाला कसं कळलं आल्याचं?”

“शेरडू गेलं. वाफ्यात ठसे हायेत.”

“मग मस्ट हॅव कम. पुरावा हाताशी असला की मस्ट, नुसती शंका असली की मे.”

“पण सर, आपण तर ‘आला असेल’ म्हणतो. ‘असेल’ म्हंजी भविष्यकाळ ना?”

मी फळा पुसायला घेतला. पोरगं बरोबर होतं. जनावर उसात जाऊन झोपलं तरी आमचं क्रियापद अजून उद्याकडं तोंड करून उभं.

घोडेगावची एक मुलगी म्हणाली, “सर, आजी रोज सांगती, आम्ही नदीवर जायचो, देवळात बसायचो. ते कसं लिहायचं?” तिची आजी जुन्या आंबेगावची. तालुक्याला नाव दिलं त्या गावानं, आणि गाव गेलं डिंभे धरणाच्या पाण्यात. मी ‘वुड’ लिहून दिलं. मराठीत ‘उद्या जायचंय’ आणि ‘रोज जायचो’ एकाच पोटचे. आजीकडं त्यातला दुसरा तेवढा उरलाय.

वर्ग गप्प झाला, तशी मी गाडी ‘विल’वर आणली. इंग्रजीत खात्री वाढवायची तर मे सोडून विल धरावा लागतो. आपलं काम एका ‘च’वर भागतं, फक्त उलटं. मोटारीची लाईट पाळीनं येते, त्यामुळं वायरमनचं व्याकरण इथं पोरासोरांना पाठ आहे. ‘येईल’ म्हणाला तर आज येते. ‘येईलच’ म्हणाला तर त्यालाही ठाऊक नाही. आणि ‘आलीच समजा’ म्हणाला, की दारं धरायला निघालेल्या माणसानं खुशाल अंथरूण घालावं.

वक्तशीरपणा बघायचा तर खोडदला जावं. तिथल्या दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या या परिसरात पसरल्यात. त्यांना ऐकू येणारे स्पंदक तारे सेकंदाचा तुकडाही न चुकवता हजेरी लावतात. पंचक्रोशीत वेळ पाळणारे तेवढेच, आणि तेही इथले रहिवासी नव्हेत.

एवढ्यात फोन वाजला. पलीकडून आवाज, “अहो, येताय ना? भाकरी टाकू का?”

“आलोच!” मी म्हणालो आणि खडू उचलला.

मागच्या बाकावरनं प्रश्न आला, “सर, ‘आलोच’ला इंग्रजीत काय?”

मी विचारात पडलो. क्रियापद भूतकाळी, काम भविष्यातलं, कर्ता जागेवर. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला आठवून पाहिली, तिथंही काही सापडेना. फळ्यावर ‘आय’ लिहिलं आणि खडू अडला. तेवढ्यात दिवेच गेले.

काळोखात मी मास्तरकीच्या आवाजात म्हणालो, “बसा रे सगळे. येईलच आता.”

तीस सेकंदांत दप्तरं भरून वर्ग रिकामा झाला. धडा समजला होता.