टेट्राकाका

प्रत्येक सोसायटीत एक पाण्याच्या टाकीवर नजर ठेवणारा असतो आणि एक शब्द फोडणारा. दुसरा जास्त त्रासदायक, कारण तो नेहमी बरोबर असतो. बँकेतून निवृत्त, गळ्यात दोरीचा चष्मा. ग्रीकचं एक अक्षर वाचता येत नाही, पण ग्रीक उपसर्ग पाढ्यांसारखे पाठ. त्यातही जीव ‘टेट्रा’वर. टेट्रा म्हणजे चार.

वाण्याकडे ताकाचं टेट्रापॅक मागायची सोय नाही. काका मागे उभे असतात. “पृष्ठभाग मोज. सहा! मग टेट्रा कसलं?” वाणी सुट्टे पैसे शोधत असतो, तेवढ्यात स्वीडन सुरू. कंपनी १९५१ची, लुंड गावची. पहिलं पाकीट खरोखरच चार त्रिकोणी बाजूंचं होतं, साय भरायला. विटेच्या आकाराचं खोकं आलं १९६३ साली. “बाजू वाढल्या, पण नाव नाही बदललं!” त्या कंपनीचा कारखाना इथे चाकणला आहे, हे तर काका वैयक्तिक अपमानासारखं सांगतात. मागच्या रांगेतलं गिऱ्हाईक एव्हाना सुट्टं ताक घ्यायला डेअरीत गेलेलं असतं.

मुंबईला लेकीकडे गेले की मरीन ड्राइव्ह. तिथे कठड्यावर समुद्राकडे तोंड करून बसलेल्या जोडप्याला काका खालचे काँक्रीटचे ठोकळे दाखवतात. “टेट्रापॉड. चार पाय. फ्रान्समध्ये १९५०च्या सुमाराला निघाले. कसाही टाका, तीन पाय खाली, एक वर. एकमेकांत अडकतात आणि लाटेचा जोर मोडतात.” जोर मोडतो हे खरं आहे. जोडपं उठून जातं.

सोसायटीत धामण निघाली तेव्हा बायका खुर्च्यांवर, वॉचमन गेटावर, आणि काका मधोमध. “घाबरू नका, हासुद्धा टेट्रापॉडच! याच्या पूर्वजांना चार पाय होते.” यात कोणाला धीर येण्यासारखं काय होतं, ते अजून कळलेलं नाही. कबूतरही त्याच गोतावळ्यातलं, पंख म्हणजे पुढचे पाय, हे त्यांनी जाळी बसवायला आलेल्या माणसालाही ऐकवलं. त्याने खिडकीमागे शंभर रुपये वाढवले.

नातवाच्या मोबाइलवरचा टेट्रिस काकांना मान्य आहे. १९८४, मॉस्को, पाजित्नोव्ह. प्रत्येक तुकडा चार चौकोनांचा, म्हणून टेट्रा. आणि त्या गृहस्थाला टेनिस आवडायचं, म्हणून उरलेलं शेपूट. हिशेब चोख. पण नातीच्या टाकीतल्या निऑन टेट्रा माशांनी घात केला. “आजोबा, टेट्रा म्हणजे चार ना? मग आपले सहा का?” काकांनी शांतपणे सांगितलं की ते टेट्रागोनॉप्टेरस या लांबलचक नावाचं लाडकं रूप आहे, म्हणजे चौकोनी पराचा. पोरीने काचेला नाक लावलं. “चौकोनी पर कुठला?” काकांना एकदम बीपीची गोळी आठवली.

काकूंचा यावर तोडगा आहे. त्या ‘चार’ हा आकडा टाळतात. एकदा “चार अंडी आणा” म्हणाल्या, तर आपला चार, संस्कृतचा चत्वारि आणि ग्रीकांचा टेट्रा ही एकाच घरातली भावंडं असल्याचं अंडी येण्याआधी दीड तास कळलं. तेव्हापासून त्या अर्धा डझन मागवतात.

परवा काकांच्या पायात गंजका खिळा गेला. दवाखान्यात नर्सने सुई भरली आणि सहज म्हणाली, “धनुर्वाताचं आहे, टिटॅनसचं.” काकांनी बाही वर करता करता बजावलं, “याचा चारशी काही संबंध नाही हं! लोक फसतात. टिटॅनस म्हणजे ताण, स्नायू ताठतात म्हणून. चार इथे औषधालासुद्धा नाही.”

“बरं,” नर्स कापूस दाबत म्हणाली. “आधीची इंजेक्शनं आठवत नाहीत म्हणालात ना? मग दुसरा डोस चार आठवड्यांनी.”