रॉड खाली, धूर वर

सांगलीत स्टेशन चौक आहे, स्टेशन नाही. मिरजेहून आलेला मीटरगेजचा फाटा पूर्वी तिथं संपायचा. ब्रॉडगेज आली, स्टेशन दुसरीकडं गेलं आणि चौकाला नाव तेवढं चिकटून राहिलं. आजही आम्ही रिक्षावाल्याला ‘स्टेशन चौक’ सांगतो आणि तोही ‘कुठलं स्टेशन?’ असं विचारत नाही. नसलेल्या गोष्टींशी इतका सलोखा असलेल्या गावात इंजिनकाका निपजले, यात नवल ते काय?

इंजिनकाका हे एकाच माणसाचं नाव नव्हे. सातारा, कऱ्हाड, सांगली, मिरज या पट्ट्यात ही जमात विखुरलेली आहे. बँकेतून नाहीतर शाळेतून निवृत्त, गुडघे कुरकुरणारे, खांद्यावर कॅमेऱ्याची पिशवी आणि तिच्या बाहेरच्या कप्प्यात भडंगाची पुडी. आमचा नमुना विश्रामबागेत राहतो. विजेचं इंजिन त्याच्या लेखी रुळावरचा फ्रीज. डिझेलला थोडा मान, कारण ते निदान खोकतं. खरं इंजिन वाफेचंच. आणि देशातल्या ब्रॉडगेजवरच्या रोजच्या गाड्यांमधून ते १९९५ साली हद्दपार झालं.

मिरज म्हटलं की तुम्हाआम्हाला सतार आठवते, नाहीतर डॉक्टर. काकांना गेज आठवतात. मीटर, ब्रॉड आणि नॅरो असे तिन्ही गेज तिथं एके काळी एका आवारात नांदत होते, हे ते तीन सुना एका घरात नांदवलेल्या सासूच्या अभिमानानं सांगतात. बार्शी लाइटची अडीच फुटी गाडी मिरजेत पोहोचली १९२७ साली. ही तारीख काकांना पाठ आहे, लग्नाची नाही. बार्शी लाइटची पहिली इंजिनं लीड्सच्या किटसन कारखान्यातली, आणि १८५५ सालची फेअरी क्वीनही त्याच घरची. “म्हणजे दोघींचं माहेर एकच की रे!” काका गहिवरून सांगतात. १९९७ साली ती म्हातारी पर्यटकांना घेऊन दिल्ली-अलवर पुन्हा धावू लागली, तेव्हा काकांनी आजारपणाची रजा टाकली होती. “रजा खोटी नव्हती,” काकू म्हणतात, “आजार खराच आहे.”

काकूंचं ऐकण्यासारखं असतं. लग्नानंतर काकांनी त्यांना माथेरानला नेलं. “मला वाटलं, फिरायला नेतायत.” त्या सहलीचे छत्तीस फोटो अल्बमात आहेत. सगळे नेरळच्या गाडीचे. एकात पाण्याच्या टाकीमागून काकूंचा डावा हात दिसतो, कोपरापर्यंत. “बांगड्या ओळखल्या म्हणून कळलं, मीच ती.”

माणूस फोटोत येता कामा नये, हा या पंथाचा पहिला नियम. दुसरा नियम उन्हाचा: सूर्य आपल्या पाठीशी, इंजिन तिरकं. तिसरा धुराचा: काळा, भरघोस आणि आपल्या बाजूला न वळणारा. चौथा सगळ्यांत अवघड. चाकांना चाकं जोडणारा जो पोलादी दांडा असतो, तो गाडी चालताना वरखाली होत राहतो. तो अगदी खाली आलेला असताना बटण दाबायचं. दांडा वर असला की सगळं मुसळ केरात. मी एकदा म्हणालो, “काका, दांडा वर असला तरी इंजिन तेच ना?” त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी पुरणपोळीत मीठ घालू का म्हणून विचारलं होतं.

हे सगळं मला दार्जिलिंगला कळलं. काकांच्या टोळीनं आख्खी गाडी भाड्यानं घेतली होती. एक माणूस कमी पडत होता, तो मी. दोन फुटी रुळांवरचं ते निळं इंजिन दिसायला खेळण्यातलं, पण राबायला माणसं किती! ड्रायव्हर, फायरमन, कोळसा फोडणारा आणि पुढच्या पट्टीवर बसून रुळांवर मुठीनं वाळू सोडणारे दोघं. ओल्या चढावर चाकं घसरू नयेत म्हणून ही वाळू. रेल्वेगाडीपुढं रांगोळी घालत जाणारी माणसं मी पहिल्यांदाच पाहिली. मला तर इंजिनापेक्षा तेच दोघं बघावेसे वाटत होते.

दरीकाठच्या एका वळणावर गाडी थांबली, सगळे पटापट उतरले आणि गाडी रिकामीच मागं गेली. आता ती नुसत्या फोटोसाठी पुन्हा चढून येणार. आपल्याकडं लग्नात व्हिडिओवाला नवऱ्याला मंगळसूत्र पुन्हा बांधायला लावतो ना, अगदी तसं. पहिल्या फेरीला धूर पांढुरका निघाला. दुसऱ्या फेरीला ढग आला. तिसऱ्या फेरीला सगळं जुळलं: ऊन, धूर, दांडा. आणि लाल स्वेटर घातलेला एक इसम वाळूवाल्यांना नीट बघावं म्हणून दोन पावलं पुढं सरकला.

त्या इसमाशी पुढं दोन दिवस कोणी बोललं नाही. भडंगही त्याच्यापर्यंत पोहोचलं नाही.

चौथी फेरी साधली. काकांनी फायरमनच्या हातावर काही नोटा ठेवल्या होत्या, त्यानं भट्टीत फावडी रिकामी केली आणि डोंगर काळा झाला. तो फोटो आता मोठा करून दिवाणखान्यात लावलाय. त्यातले वाळूवाले दोघं काकांनी संगणकावर पुसून टाकलेत. “चौकट मोकळी दिसते.”

गेल्या दिवाळीत काकांनी मिरजेहून एका ऐंशी ओलांडलेल्या गृहस्थांना मोठ्या मानानं फराळाला बोलावलं. मीटरगेजवर वायपी इंजिनाची भट्टी सांभाळलेला माणूस! काकांनी त्यांना हाताला धरून फोटोपुढं उभं केलं आणि वाट पाहत राहिले. म्हाताऱ्यानं चष्मा पुसला, बराच वेळ पाहिलं.

“फायरमन कच्चा हाय,” ते म्हणाले.

“काय?”

“काळा धूर म्हंजे कोळसा न जळताच चालला की ओ वर. आमच्या येळंला असला धूर दिसला, की साहेब खालीच उभं करायचा आणि मेमो हातात. चांगल्या भट्टीचा धूर दिसाय नगो. चिमणीवर नुसती हवा हलावी.” मग आणखी वाकून पाहत म्हणाले, “आन् चढावर चाललंय नव्हं हे? मग वाळू कोण टाकतंय?”

काकूंनी चकली पुढं केली. त्यांच्या चेहऱ्यावर चाळीस वर्षांचं काहीतरी फिटल्यासारखं दिसत होतं.

फोटो अजून तिथंच आहे. मिरजेचे पाहुणे यायचे असले की काका त्यावर कालनिर्णय टांगतात.