बिनतारी स्वातंत्र्य

सातारा-सांगलीला तारांचा जाच मुळातच सहन होत नाही. १९४२ च्या चळवळीत इथल्या क्रांतिकारकांनी इंग्रजांच्या तारा तोडल्या. मग नाना पाटलांचे प्रतिसरकार उभे राहिले. तारा तोडण्याची ती अपुरी कामगिरी आता कचेऱ्यांच्या टेबलांवर बिनतारी माउस तडीस नेत आहे. त्याबद्दल हार्दिक अभिनंदन.

डग्लस एंगेलबार्ट यांच्या १९६४ च्या लाकडी माउसलाही शेपूट होतेच. शेपटीचा माउस हरवत नसे, खिशातून घरी जात नसे, सेल मागत नसे. एवढे दोष असताना तो टिकला कसा, हेच नवल. नवा माउस २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींवर साधारण दहा मीटरवरूनही चालतो. संगणक हातभर अंतरावर असतो, ही बाब गौण. उद्या दहा मीटरांची टेबले मंजूर झाली, तर अडचण नको. शिवाय सेल संपला, की सातबारा थांबतो. जुन्या माउसमध्ये ही सोयच नव्हती.

आमची नम्र सूचना होती, की याच धर्तीवर कर्मचारीही खुर्चीपासून बिनतारी करावेत. चौकशीअंती कळले, ही योजना कधीचीच लागू आहे. फक्त तिची रेंज कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीपर्यंत पोहोचते.