आधी पाण्याची वाट, मग कोबा

त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या हरसूलमध्ये घर बांधायचं तर कागद गोळा करावे लागतात: जागेचा उतारा, नकाशा, ग्रामपंचायतीचा दाखला. त्याच घरासमोर अंगणभर काँक्रीटचा कोबा घालायचा असेल, तर कुणी काही विचारत नाही. मालक मिस्तरीला सांगतो, ट्रॅक्टरनं खडी आणि कच येते, मिक्सर फिरतो आणि संध्याकाळपर्यंत अंगणाची माती कायमची झाकली जाते. ती झाकण्याआधी गावानं मालकाला एक प्रश्न विचारलाच पाहिजे: आता या अंगणातलं पाणी कुठे जाणार?

कोबा घालणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही. सह्याद्रीच्या या पट्ट्यात पावसाळा म्हणजे चार महिने चिखल. त्या चिखलातून म्हातारं माणूस घसरतं, मोटारसायकल रुतते, शाळेत निघालेलं पोर दारातच माखतं. नागली, वरई, भात, मोहाची फुलं वाळवायला कोरडी स्वच्छ जागा लागते. शेणानं सारवलेलं अंगण सुंदर म्हणणाऱ्यांनी ते सारवतं कोण, हेही सांगावं. शेण गोळा करणं, कालवणं आणि वाकून हात फिरवणं हे काम घरातल्या बाईच्या वाट्याला येतं. कोबा तिची पाठ वाचवतो. म्हणून कोबा हवा, आणि जो घालायचा तो शहाणपणानं घालावा.

कायदा काय म्हणतो ते पाहा. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५२ प्रमाणे गावठाणात इमारत बांधायला पंचायतीची आधी परवानगी लागते. २०२१ च्या सुरुवातीला तेव्हाचे ग्रामविकास मंत्री हसन मुश्रीफ यांनी ग्रामीण भागासाठी सवलत जाहीर केली. १६०० चौरस फुटांपर्यंतच्या घराला मालकीचे कागद, नकाशे आणि अभियंत्याचा किंवा वास्तुविशारदाचा दाखला दिला की पुरे. ३२०० फुटांपर्यंत ग्रामपंचायतीनंच दाखला द्यायचा, नगररचनाकाराकडे खेटे घालायचे नाहीत. निर्णय चांगला होता. गरिबाला कागदापायी नाशिकच्या फेऱ्या मारायला लावणं हा अन्यायच आहे.

पण या सगळ्या कागदांत भिंत आहे, छत आहे, उंची आहे, शेजाऱ्यापासून सोडायचं अंतर आहे. अंगणातली माती कुठेही नाही. डिसेंबर २०२० मध्ये राज्यानं जवळजवळ सगळ्या महाराष्ट्रासाठी एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावली आणली. पावसाचं पाणी साठवण्याची किंवा जिरवण्याची सक्ती तिच्यात आहे, मात्र ती ५०० चौरस मीटर आणि त्यापुढच्या भूखंडांना. गावठाणातल्या किती घरांकडे पाचशे मीटर जागा असते? म्हणजे जिथे घराला घर लागून आहे आणि पाण्याला वाट मिळणं सगळ्यात अवघड आहे, नेमकी तीच घरं नियमातून सुटली.

घरकुलाचंही तेच. प्रधानमंत्री आवास योजनेत किमान २५ चौरस मीटरच्या घराला सपाटीवर १ लाख २० हजार आणि डोंगराळ भागात १ लाख ३० हजारांचं अनुदान ठरलं. त्यात भिंती आणि छत उभं करतानाच लाभार्थ्याचा घाम निघतो. अंगण तो पुढे कधीतरी, हाती मजुरी आली की करून घेतो. तेव्हा ना अभियंता येतो, ना उतार मोजला जातो. स्वस्तातलं पातळ काँक्रीट सपाट ओतलं जातं, पाणी उलटं फिरून घराच्याच पायाशी मुरतं आणि दोन पावसाळ्यांत नव्या भिंतीला ओल चढते.

आता साधं गणित. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. त्र्यंबकेश्वर तालुक्यात वर्षाला साधारण २००० मिलिमीटर पाऊस धरा. ४० चौरस मीटरच्या अंगणावर हंगामात ८० हजार लिटर पाणी पडतं. एका दिवसात १०० मिलिमीटर झाला, आणि इथे तो होतो, तर ४ हजार लिटर. गल्लीत अशी वीस अंगणं असली तर एका दिवसात ८० हजार लिटर पाणी गल्लीत उतरतं. मातीचं अंगण त्यातलं काही पीत होतं, काही अडवत होतं. कोबा ते सगळं एकदम खाली सोडतो.

आणि खाली कुणाचं तरी घर असतंच. उतारावरच्या वस्तीत ही भांडणं अशीच सुरू होतात. "भाऊ, तुझ्या अंगणाचं पाणी माझ्या कुडाला लागतंय." "पाणी पूर्वीपासून इकडूनच जातं." दोघंही खरं बोलतात. १८८२ च्या सुविधाधिकार अधिनियमानुसार वरच्या जमिनीवर पडलेलं पाणी नैसर्गिक उतारानं खाली जाऊ देणं खालच्याला भागच आहे. पण तो अधिकार नैसर्गिक वाहण्याचा आहे. सगळं पाणी एका तोंडाशी गोळा करून शेजाऱ्याच्या भिंतीवर सोडणं त्यात बसत नाही. हा मुद्दा न्यायालयात सिद्ध करायला वर्षं जातात. कोबा घालण्याआधी गवंड्यानं दोरी लावून उतार फिरवला, तर अर्धा तास पुरतो.

दुसरा प्रश्न रस्त्याचा. अंगण उंच झालं की गाडी चढवायला रॅम्प लागतो, आणि तो बहुतेक वेळा रस्त्यावर उतरतो. एकानं दोन फूट घेतले की समोरचा अडीच घेतो. रॅम्पखाली गटार बुजतं, वर पाणी तुंबतं आणि रुग्णवाहिकेला वळायला जागा उरत नाही. इथे मात्र कायदा गप्प नाही. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५३ मध्ये सार्वजनिक रस्त्यावरचा ओटा, पायरी, जोतं, पडवी यांची स्पष्ट नोंद आहे आणि असा अडथळा काढण्याचा अधिकार पंचायतीला आहे. मोठा रस्ता बांधकाम विभागाचा किंवा जिल्हा परिषदेचा असेल, तर हद्दीत काहीही करण्याआधी त्यांना विचारावं लागतं. हे कलम वापरलं जात नाही, कारण प्रत्येक रॅम्पमागे मतं असतात. सरपंचांना सरळ सांगायला हवं: आज सोडलेले दोन फूट उद्या परत मिळत नाहीत.

पंचायतीनं स्वतःकडेही पाहावं. गल्लीत काँक्रीटचा रस्ता झाला की फलक लागतो. पण दर वेळी जुन्या थरावर नवा थर येतो, रस्ता घरांच्या जोत्याला भिडतो आणि पाणी दारात शिरतं. मग घरमालक अंगण उचलतो, शेजारी त्याहून उंच उचलतो. ही चढाओढ पंचायतीच्या ठेकेदारानं सुरू केलेली असते. आधीचा थर खरवडल्याशिवाय नवा टाकायचा नाही, ही अट निविदेत घालायला कुणाची हरकत असावी?

काँक्रीट घालून मागाहून पस्तावायचं काय असतं, ते नाशिक जिल्ह्याला शिकवायला नको. त्र्यंबकेश्वर गावात, उगमाजवळच, गोदावरी स्लॅबखालून वाहते. नाशिकमध्ये नदीपात्रातलं काँक्रीट काढा, म्हणून गोदाप्रेमींना न्यायालयापर्यंत जावं लागलं. घालायला एक हंगाम लागतो, काढायला पिढी जाते.

पाणी वाहून गेलं की इथे त्याची किंमत कळते, कारण पाऊस एवढा असूनही उन्हाळा कोरडा जातो. काळ्या पाषाणावर मातीचा थर पातळ, उतार तीव्र. पाणी ओढ्यानाल्यांतून बघता बघता पश्चिमेला निघून जातं. याच तालुक्यातल्या शेंद्रीपाड्याच्या बाया लाकडी बल्ल्यांवरून तास नदीची घळ ओलांडून पाण्याला जात होत्या, हे २०२२ च्या सुरुवातीला सगळ्या महाराष्ट्रानं पाहिलं. अंगणातली माती उघडी ठेवल्यानं तो प्रश्न सुटणार नाही, हे खरं. पण विहिरीच्या वरच्या अंगाची जमीन झाकत जायचं आणि मार्च उजाडला की टँकर मागायचा, हेही चालणार नाही.

इंग्लंडनं हे अनुभवातून शिकून घेतलं. २००७ च्या पुरानंतर तिथे १ ऑक्टोबर २००८ पासून नियम आला. घरासमोरची पाच चौरस मीटरपेक्षा जास्त जागा पाणी न जिरणाऱ्या थरानं झाकायची असेल तर परवानगी घ्या. थर पाणी जिरवणारा असेल, किंवा पाणी आपल्याच बागेत सोडलं असेल, तर परवानगीची गरजच नाही. नियमाचं सगळं शहाणपण त्या सवलतीत आहे. जो पाण्याची सोय करतो त्याला कागद नाही.

हरसूलला हे करायला मुंबईच्या आदेशाची वाट पाहायची गरज नाही. हा भाग पाचव्या अनुसूचीतला, ग्रामसभांना अधिकार देणारा १९९६ चा पेसा कायदा इथे लागू आहे, २०१४ पासून राज्याचे नियम आहेत. गौण खनिजाच्या पट्ट्याबाबत इथल्या ग्रामसभेचं म्हणणं आधी घ्यावं लागतं. जी ग्रामसभा मुरूम आणि दगडाबद्दल बोलू शकते, ती त्यांच्यापासून घातलेल्या कोब्याबद्दलही ठराव करू शकते. पाड्याची वेगळी ग्रामसभा असेल तर तिनं आपल्या उताराप्रमाणे करावा.

ठराव चार ओळींचा असावा. कोबा घालण्याआधी पंचायतीला साध्या कागदावर कळवायचं, फी शून्य. कागदावर हातानं काढलेल्या नकाशात पाणी कुठून कुठे जाईल तो बाण. अंगणाचा निदान एक भाग मातीचा ठेवायचा आणि झाडाच्या बुंध्याभोवती मीटरभर मोकळी जागा. रॅम्प आपल्याच हद्दीत संपवायचा. हे पाळणाऱ्याला कुणी अडवायचं नाही, न पाळणाऱ्याला शेजाऱ्याची तक्रार येण्याआधी थांबवायचं.

गवंड्याला सांगायच्या गोष्टीही सोप्या आहेत. उतार घरापासून दूर, दर मीटरला एक ते दीड सेंटिमीटर. गाडीसाठी अख्खं अंगण नको, चाकांपुरत्या दोन पट्ट्या आणि मध्ये खडी किंवा गवत. धान्य वाळवायला एक चौक पक्का. सिमेंट, वाळू, खडी १:१.५:३, आणि किमान सात दिवस पाणी मारायचं. कडेला शोषखड्डा. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीनं घरोघरी शोषखड्डे खणून सांडपाण्याची उघडी गटारं संपवली, ती युक्ती इथेही चालेल. मात्र जुलैत जमीन भरलेली असते, खड्डा सगळं पाणी पिणार नाही. उरलेल्यासाठी ओढ्यापर्यंत चर हवाच, आणि तो पंचायतीनं काढायचा.

पैसा नाही हे कारण देऊ नका. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला ६० टक्के हिस्सा स्वच्छता आणि पाण्यासाठीच बांधलेला होता, त्यात पावसाचं पाणी साठवणं नावानिशी होतं. पेसाचा अबंध निधी ग्रामसभेच्या हातात येतो. घरकुलाच्या हप्त्यासाठी फोटो काढायला माणूस जातोच, त्यानं त्याच फेरीत अंगणाचा उतारही पाहावा.

पुढच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय लावा. सरपंचांनी लावला नाही, तर गावकऱ्यांनी लेखी मागणी करून लावून घ्यावा. आणि पहिला अर्ज पंचायतीनं स्वतःच्या कार्यालयासमोरच्या जागेचा भरावा, नकाशा आणि पाण्याच्या बाणासकट.